अण्णांच्या स्मरणिकेत ‘मेजर’ छापायचं का?

पत्र:

ताई नमस्कार, मी देवगड तालुक्यातला, बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, गेल्या मार्गशीर्षात गेले, वय ८१. १९६३ ला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, ७१ च्या लढाईत होते, ७८ ला हवालदार म्हणून रिटायर झाले आणि ७९ ला पेन्शन आणि आईच्या पाटल्या यांच्या जोरावर दुकान टाकलं. अख्खी पेठ त्यांना मेजर म्हणायची.

आता वर्षश्राद्धाला रंगीत स्मरणिका काढायची, आर्ट पेपरवर, आणि नाक्यावर रणगाड्याचा फोटो टाकून बॅनर लावायचा असं ठाण्याच्या दादाने ठरवलंय. मजकूरही त्यानेच लिहून पाठवला, ‘ढाक्यात घुसून ९३ हजार शत्रूंना गुडघ्यावर आणणारे मेजर’ वगैरे. दुकानावर दोन ओळी. मी बोललो तर म्हणतो, खिळे विकले त्यात लिहायचं काय? तौक्ते वादळाच्या वेळी अण्णांनी जुन्याच भावाने पत्रे विकले, घरटी सहा असे मोजून, ते तरी घे म्हटलं तर म्हणाला तोट्याच्या गोष्टी कशाला छापायच्या.

खरं म्हणजे अण्णा लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत. नातू एकदा फारच मागे लागला तेव्हा म्हणाले, "लढाई काय सांगूची? धा दिवस बूट काढूक गावले नाय." तेवढंच.

त्यांच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक आणि चार मेडलं मिळाली. शिवाय मनीऑर्डरच्या पावत्यांचा एक गठ्ठा, सातारा जिल्ह्यातल्या एका बाईंच्या नावाने, दर डिसेंबरात, १९७२ ते २००४, पहिली १५ रुपयांची, शेवटची ५०० ची. वहिनी भलतंच काहीतरी कुजबुजतेय. आणि उधारीची वही, येणं १ लाख ८६ हजार. काही नावांपुढे पेन्सिलीने ‘रा’ लिहिलंय, का ते कळत नाही. दादा म्हणतो वसूल कर, मला जीवावर येतंय. काय छापू, काय नको, आणि वहीचं काय करू?

– एक वाचक

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की यात आई एकदाच येते, पाटल्यांपुरती. अण्णांच्या कागदांचा अर्थ ज्या माणसाला विचारायचा ते माणूस घरातच बसलेलं आहे. त्याकडे येतेच.

आधी सोप्पं उरकू. ‘मेजर’ छापू नका. म्हणजे छापा, पण ‘पेठेत सगळे मेजर म्हणत’ असं छापा, नावाच्या आधी रँक म्हणून नको. आपल्याकडे मिलिटरीतून आलेला प्रत्येक माणूस एकतर मेजर नाहीतर सुभेदार असतो, त्यात प्रेम आहे, पण मेजर हा ऑफिसरचा हुद्दा आणि अण्णा हवालदार, आणि शिपाई, लान्स नायक, नायक करत हवालदार होणं ही काय कमी गोष्ट आहे का? कार्यक्रमाला पंचक्रोशीतले दोन-चार माजी सैनिक तर येणारच, ते पहिल्या पानावर मेजर वाचतील, काही बोलणार नाहीत, आणि पुढचं एक अक्षर खरं मानणार नाहीत.

तसंच ते ९३ हजार. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी झाले हे खरं, पण त्यातले सगळे काही सैनिक नव्हते, आणि त्या सगळ्यांना एकट्या अण्णांनी गुडघ्यावर आणलं नव्हतं. अण्णा ढाक्याला होते हे तरी दादाला कुठून कळलं? मराठाच्या बटालियन त्या लढाईत पूर्वेकडेही होत्या आणि पश्चिमेकडेही. ते तुम्हाला घरबसल्या कळू शकतं. डिस्चार्ज बुक उघडा, त्यात सर्व्हिस नंबर, भरतीची तारीख, युनिट आणि मेडलांची नोंद असते. ‘पूर्वी स्टार’ असेल तर माणूस पूर्व आघाडीवर, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेला. संग्राम मेडल त्या काळात नोकरीत असलेल्या बऱ्याच जणांना मिळालंय, तेवढ्यावरून आघाडी कळत नाही. मेडलं चिंच नाहीतर पितांबरी लावून घासायला घेऊ नका, कडेवर कोरलेला नंबर आणि नाव झिजतं, आणि कागद लॅमिनेट करू नका, पावसाळ्यात आतल्या आत दमट राहिले की संपलं. मोबाईलवर उजेडात नीट फोटो काढा, बस.

त्यातूनही उलगडा झाला नाही तर बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर घालून पत्र टाका, आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. एक लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. अण्णा भरती झाले तेव्हा तुमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात होतं, तेव्हा जुन्या कागदात जिल्हा रत्नागिरी दिसला तर हा दुसराच कोणीतरी म्हणून बाजूला ठेवू नका. जन्मतारीखही तपासा, १ जून असेल तर ती अण्णांच्या आईने नाही, शाळेच्या मास्तरांनी ठरवलेली असणार.

बटालियन कळली की किती फरक पडतो बघा. समजा युनिट निघालं पहिली मराठा, म्हणजे १७६८ ची जंगी पलटण. मग अण्णा बहुधा आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या वेढ्यात असतील. तिथे आपल्या ब्रिगेडियरने शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर पलीकडच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली होती, आणि त्यानंतर लगेच, ११ डिसेंबरला, ते ठाणं पडलं. आता सांगा, यापुढे दादाचं ‘ढाक्यात घुसून’ किती गुळगुळीत वाटतं. पण युनिट दुसरं निघालं तर हे जमालपूर तुमचं नाही, मोह झाला तरी घेऊ नका. आणि काहीच कळलं नाही तर ‘७१ च्या लढाईत होते’ एवढं वाक्य पुरे. ते खरं आहे.

आणि अण्णा बोलले नाहीत असं तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही. बोलले की. धा दिवस बूट काढायला मिळाले नाहीत. अहो, हे वाक्य स्मरणिकेच्या पहिल्या पानावर जायला हवं, एकटं, मालवणीतच, प्रमाण भाषेत धुवून नाही. डिसेंबरची थंडी, ओले मोजे आणि आत पाय कुठल्या अवस्थेत असतील, आणि पंचवीस-सत्तावीस वर्षांचा कोकणातला पोरगा, ज्याने मिलिटरीत जाईपर्यंत पायात चप्पल तरी रोज घातली असेल की नाही कोण जाणे. तो पुढे दुकानात बसताना बूट घालायचा का हो? की कायम चपला? हे तुम्हाला आठवेल, दादाला नाही. असलं लिहा.

दादाला त्याच्या जागी मी समजू शकते. ठाण्यात राहून बापासाठी काहीतरी मोठं करायचंय, आणि मोठं म्हटलं की आपल्याला रणगाडाच सुचतो. त्याला माणगावच्या यशवंत घाडगेंची आठवण द्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला, आपल्याच मराठा रेजिमेंटचा, १० जुलै १९४४ ला इटलीत पडला तेव्हा वय २२. त्याचं सगळं आयुष्य त्या एका दिवसात आलं, दुसरं काही लिहायला राहिलंच नाही. अण्णा परत आले. परत येऊन पन्नासच्या वर वर्षं जगले, त्यातली चाळीसेक गल्ल्यावर. लढाई जेमतेम दोन आठवड्यांची आणि दुकान चाळीस वर्षांचं, आणि दुकानाला दोन ओळी?

खिळे विकले त्यात काय लिहायचं म्हणे. तौक्तेचंच घ्या ना. १६ मे २०२१, रविवार, वर लॉकडाऊन, किनारपट्टीला कितीतरी घरांचे पत्रे आणि नळे उडालेले, लाईट नाही, पाऊस तोंडावर, आणि ज्याच्याकडे पत्रे आहेत तो राजा अशी परिस्थिती. अशा दिवशी तुमचा बाप जुन्या भावाने पत्रे विकतो, ठीक आहे, सज्जन दुकानदार म्हणू. पण घरटी सहा? हे सज्जनपणाचं नाही, हे फौजेतल्या स्टोअरचं डोकं आहे! ज्याने माल कमी आणि माणसं जास्त ही गोष्ट आधी कुठेतरी पाहिलीय, ज्याला माहीत आहे की पहिल्या चार जणांनी ट्रक भरून नेला तर विसाव्या माणसाच्या घरात पाऊस पडणार, त्याचं ते गणित आहे. तुम्हाला अण्णांचा फौजी शोधायचाय ना? तो ट्रंकेत कमी आणि या सहाच्या आकड्यात जास्त सापडेल. त्या दिवशी चिठ्ठ्या दिल्या होत्या का, रांग लावली होती का, कोणी सातवा मागितला तेव्हा काय म्हणाले, सोबत पत्र्याचे ‘J’ हुक आणि वायसर पण मोजून दिले का, हे सगळं आत्ता विचारून घ्या, पाच वर्षांनी कोणाला आठवणार नाही. दादाला तोटा दिसतो तर तोटा किती झाला तो आकडाही छापा, मी तर म्हणते ठळक छापा.

अजून मागे जा. ७९ ला दुकान टाकलं म्हणजे सिमेंट परमिटवर होतं. १९८२ ला ते अर्धवट मोकळं झालं, पूर्ण मोकळं व्हायला ८९ उजाडलं. त्या दहा वर्षांत हार्डवेअरवाला म्हणजे गावात कोणाचं घर यंदा उभं राहणार आणि कोणाचं चिऱ्यांवर थांबणार हे ज्याला माहीत असतं असा माणूस. माल कोल्हापूरहून यायचा असेल, फोंडा घाटातून, अण्णा खरेदीला गेले की गल्ल्यावर कोण बसायचं? आई ना? मग आईला खिळ्यांचे इंच आणि सळईचे सूत तोंडपाठ असणार, आणि कुठल्या गिऱ्हाईकाला उधार द्यायचं नाही तेही. ही स्मरणिका अर्धी तिची आहे, पाटल्या तिच्या होत्या.

तर आईजवळ बसा. समोर मोबाईल धरून ‘अण्णांबद्दल दोन शब्द सांग’ असं करू नका, ती ‘देवमाणूस होते’ म्हणेल आणि डोळ्याला पदर लावेल, संपलं. ती आठळ्या सोलत असेल, तांदूळ निवडत असेल तेव्हा फोन बाजूला रेकॉर्डिंगला ठेवा आणि वस्तूंबद्दल विचारा. दुकानाची पहिली पाटी कोणी रंगवली? पहिल्या दिवशी गल्ला किती झाला? ७१ च्या डिसेंबरात पत्र किती दिवसांनी आलं आणि वाचून कोणी दाखवलं? जुनी पत्रं कुठे असतील तर पाकिटावरचा शिक्का बघा, ए.पी.ओ. (आर्मी पोस्ट ऑफिस) आणि तारीख दोन्ही असतात. बाकीचं चतुर्थीला होऊन जाईल, चाकरमानी सगळे गावात असतात, एकेकाला गाठा आणि एकच विचारा, आमच्या दुकानातून तुमच्या घराला पहिली वस्तू कुठली आली. कोणी कडी सांगेल, कोणी कोयंडा, कोणी गाईला बांधायची साखळी. वीस जणांच्या वीस वस्तू नावांसकट छापल्या की चार पानं भरली, आणि त्या चार पानांत तुमचं अख्खं गाव असेल.

आता पावत्या. तुमच्या वहिनीला सांगा, ज्याला काही लपवायचं असतं तो तेहतीस वर्षांच्या पावत्या जपून ठेवत नाही. पण खरं सांगते, वाचल्या वाचल्या माझ्याही डोक्यात एक गोष्ट तयार झाली, की डिसेंबर म्हणजे सोबतचा कोणी पडला असणार, त्याची बायको नाहीतर आई, वगैरे. तेही आपलं सिनेमातलंच डोकं. उसने पैसे असतील. धर्माची बहीण असेल. दोन्ही अंदाज छापायच्या लायकीचे नाहीत.

शोध मात्र घ्या. आधी आईला विचारा, सरळ, एकटीला, पावत्या हातात देऊन. माझा अंदाज असा की तिला माहीत आहे, पोस्टात ती मनीऑर्डर टाकायला कदाचित तीच जात असेल. तिने ‘ते तसंच राहू दे’ म्हटलं तर तसंच राहू दे, पावत्या परत ट्रंकेत आणि विषय बंद, स्मरणिका त्याशिवाय होते. तिने परवानगी दिली तर त्या पत्त्यावर पत्र टाका. साधं, हाताने लिहिलेलं. आमचे वडील गेले, त्यांच्या कागदांत तुमच्या घरचं नाव मिळालं, ओळख कशी ते जाणून घ्यायला आवडेल, एवढंच. पैशाचा उल्लेख करू नका, पावतीचा फोटो तर मुळीच जोडू नका. समोरच्या घरात आज नातवंडं असतील, त्यांना आजीला बाहेरून पैसे येत होते हे माहीत नसेलही. सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असतात, अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे तिकडे, त्यांना अशा पत्राचा अर्थ लगेच कळतो. आणि दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालंय, २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं, तिथल्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांवर जवानांची नावं आहेत. बाईंच्या आडनावाचा, अण्णांच्याच रेजिमेंटचा कोणी ७१ च्या यादीत आहे का, तेही बघता येईल. नाव सापडलं तरी त्या घरून होकार येईपर्यंत छापू नका. उत्तर आलं नाही तरी नको. आलं, आणि कोणी वर्षश्राद्धाला यायचं म्हणालं, तर प्रमुख पाहुणा म्हणून कोणाला बोलवायचं हा दादाचा प्रश्नही सुटला.

राहिली वही. ती स्मरणिकेत नको, वहीच्या पानाचा फोटोसुद्धा नको, कोणाचं नाव दिसलं तर त्या घराला तोंड लपवावं लागेल. वसुलीचं म्हणाल तर दादाला कायदा सांगा. तीन वर्षांवरची उधारी, मधे लेखी कबुली नाही, काही भरणा नाही, अशी असेल तर कोर्टातून मागता येत नाही. म्हणजे १ लाख ८६ हजारांतली जुनी रक्कम कागदावरच आहे. गेल्या तीन वर्षांतली असेल ती वेगळी काढा, दुकान तुम्ही चालवताय, तुम्हालाही व्यापाऱ्याचं बिल भरायचंय, ती नेहमीसारखी मागा, त्यात जीवावर येण्यासारखं काही नाही. श्राद्धाच्या महिन्यात तेवढी मागू नका. जुनी माफ केली असं जाहीर करू नका, बॅनरवर तर नाहीच नाही. आपल्याकडे माणूस गेला की काही लोक आपणहून येतात, ‘अण्णांचे तीनशे राहिले होते’ म्हणत गल्ल्यावर ठेवतात, जाहीर माफी केलीत तर त्यांची ती वाट बंद होईल. पैसे घ्या, वहीत जमा लिहा, चहा पाजा.

छपाईचं थोडक्यात सांगते, कारण यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. माझ्या मामांची स्मरणिका आम्ही चाळीस पानी काढली, आर्ट पेपर, पाचशे प्रती, पहिली बारा पानं पुढाऱ्यांचे संदेश आणि फोटो, त्यातल्या दोघांनी मामांना कधी पाहिलं पण नव्हतं. तीनशे प्रती अजून पोटमाळ्यावर आहेत. मामा पेटी फार सुंदर वाजवायचे, ते त्या चाळीस पानांत कुठेच आलं नाही, प्रत्येकाला वाटलं दुसरा लिहील! तुम्ही सोळा पानं काढा, साधा कागद, दीडशे प्रती. संदेश नकोत. फोटो दोन, एक युनिफॉर्ममधला, एक गल्ल्यावरचा, सारख्या साईजचे. बॅनर दादाला लावू दे, ग्रामपंचायतीची परवानगी काढून, रणगाडा मात्र काढायला लावा, त्याजागी दुकानाचा फोटो. भांडू नका त्याच्याशी. घरटी सहाची गोष्ट त्यालाच लिहायला सांगा, त्यावेळी तोटा झाला म्हणून अण्णांवर चिडला असशील तर तेही लिही म्हणावं. मुलगा बापावर चिडला होता हे वाचायला लोकांना आवडतं, आणि ते खरंही असतं.

आणि हो, ते ‘रा’. नावं कोणाची आहेत, विधवा बायका आहेत का, रापणीवाले मच्छीमार आहेत का, की सगळी एकाच वाडीतली, एकदा यादी करून बघा. माझ्या डोक्यात एक शब्द आलाय पण मी सांगत नाही, आईसमोर वही उघडी ठेवा आणि ती काय वाचते ते बघा. कळलं की मला जरूर लिहा, पत्र आल्यापासून माझं तिथेच अडकलंय.